अ‍ॅनाटॉमीचं टेबल आणि बी.एस्सी.चा बाक

नीटचा निकाल लागला की खानदेशात घरोघरी एक वाद सुरू होतो आणि तो दिवाळीपर्यंत पुरतो. एकाच गल्लीतली, एकाच ज्युनिअर कॉलेजात शिकलेली दोन मुलं. एकाला मेडिकल मिळालं, दुसरीने जळगावला बी.एस्सी.ला नाव घातलं. पहिला सुट्टीत घरी येतो तेव्हा डोळे ओढलेले असतात आणि बॅगेत अ‍ॅनाटॉमीची (शरीररचनाशास्त्राची) जाडजूड पुस्तकं असतात. दुसरीला घरचे विचारतात, तुला कॉलेजला जावं लागत नाही का गं? मग वडीलधारे निवाडा करून टाकतात: मेडिकलचा अभ्यास तो अभ्यास, बी.एस्सी. काय, कुणीही होतं. याला उत्तर द्यायला दुसरा गट उभा राहतो. त्याच्या मते अ‍ॅनाटॉमी म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. हाडांची नावं पाठ करण्यात कसली आली बुद्धी? भौतिकशास्त्रातलं एक गणित सोडवून दाखवा, मग बोला. पहिला गट मुलांची अक्कल मोजतो, दुसरा विषयाचा दर्जा मोजतो, आणि ज्यामुळे खरोखर फरक पडतो तिकडे दोघंही बघत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी शिकणं आणि आपल्याकडच्या डिग्री कॉलेजात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणं यांत मोठं अंतर आहे, हे मला मान्य आहे. पण त्याचं मुख्य कारण विषयाच्या अवघडपणात किंवा मुलांच्या हुशारीत सापडणार नाही. ते शिकवण्याच्या व्यवस्थेत सापडेल. अ‍ॅनाटॉमीत खरी वस्तू विद्यार्थ्याच्या हातात येते, लहान गटात येते, आठवड्यातले बहुतेक दिवस येते, आणि तिच्याबद्दल त्याला तोंडी विचारलं जातं. बी.एस्सी.त यातलं फार थोडं उरलं आहे. ही व्यवस्था माणसांनी उभी केली आणि माणसांच्याच निर्णयांनी ती डिग्री कॉलेजातून गेली, म्हणजे ती परतही आणता येईल. ते न करता खानदेशातल्या हजारो मुलामुलींना ‘तुम्हीच कमी पडलात’ असं सांगत राहणं हा अन्याय आहे.

आधी अ‍ॅनाटॉमीचं वर्ष कसं असतं ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते जवळून पाहिलेलं नसतं. या एका विषयाला वर्षभरात सहाशेहून जास्त तास असतात आणि त्यांतला मोठा वाटा व्याख्यानांबाहेरचा, डिसेक्शन हॉलमधल्या आणि लहान गटांतल्या कामाचा असतो. सुरुवातीलाच मुलं टेबलावरच्या देहासमोर शपथ घेतात, की हा आपला पहिला शिक्षक आहे आणि त्याचा मान आपण राखू. मग देह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असताना त्वचा, तिच्याखालची चरबी, मग स्नायूंवरचं पातळ आवरण, मग स्नायू, असा एकेक थर सोडवत जायचं. एका टेबलाभोवती ठरलेली मुलं असतात, त्यामुळे कोणी गैरहजर राहिलं तर लगेच लक्षात येतं. हाताचा भाग संपला की त्या भागाची परीक्षा. सर टेबलापाशी येतात, चिमट्याने एक पांढरा दोरा उचलतात आणि विचारतात: हे काय? कुठून आलं? कुठे चाललं? तुटलं तर काय होईल? उत्तर आलं नाही की पुन्हा तयारी करून यायचं. पास व्हायला निम्मे गुण लागतात, पहिल्या वर्षाला फार तर चार प्रयत्न मिळतात आणि ते निघाल्याशिवाय दुसऱ्या वर्षात पाऊल टाकता येत नाही. डिग्री कॉलेजात एटीकेटीवर पुढच्या वर्षात जाता येतं. या वातावरणात राहिलेलं पोर बारावीपेक्षा वेगळं दिसू लागलं तर त्यात नवल काय?

आता घोकंपट्टीचा आरोप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या (मज्जातंतूंच्या) १२ जोड्या, मनगटात ८ लहान हाडं, आणि बहुतेकांची नावं लॅटिन किंवा ग्रीक. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी चार नियमांवरून एखादं उत्तर स्वतः काढू शकतो, पण मनगटातल्या हाडांची नावं कुठल्याच नियमातून काढता येत नाहीत. ती पाठच करावी लागतात. मुलं त्यासाठी आद्याक्षरांची वाक्यं जुळवतात, परीक्षा झाली की त्यांतली निम्मी विसरतात, आणि इंटर्नशिपपर्यंत बरंच पुसलं गेलेलं असतं. हे सगळं खरं आहे. प्रश्न असा की पाठांतर हा त्या अभ्यासाचा शेवट आहे की त्याचा पाया?

धुळ्याचं उदाहरण घेऊ. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, आणि अशा ठिकाणच्या अपघात विभागाला मोटरसायकलवरून फेकले गेलेले तरुण नवे नसतात. असा मुलगा खांद्यावर आपटतो, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला जातो. हाड मोडलेलं नाही, जखम मोठी नाही, तरी हात लुळा लटकतो आहे. खांद्यातून उचलता येत नाही, कोपरात वाकत नाही, आतल्या बाजूला वळून तळवा मागे गेलेला. बोटं मात्र हलतात. इजा कुठे आहे? ज्याने ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नसांचं जाळं, टेबलावर सोडवून पाहिला आहे त्याला ठाऊक असतं की ते जाळं मानेतल्या आणि पाठीच्या सुरुवातीच्या पाच मुळांपासून बनतं, त्या पाचांची तीन खोडं होतात, ती पुन्हा फाटतात, पुन्हा जुळतात. खांदा आणि कोपर वाकवणाऱ्या स्नायूंची सूत्रं प्रामुख्याने वरच्या दोन मुळांतून येतात, बोटांच्या बारीक स्नायूंची खालच्यांतून. म्हणजे वरची दोन ताणली किंवा तुटली आहेत, खालची शाबूत आहेत. हे अनुमान आहे, भूमितीच्या सिद्धतेइतकंच चोख. पाठांतर त्याच्या मुळाशी आहे, पण ‘तुटलं तर काय होईल’ हा चौथा प्रश्न कुणी विचारलाच नसता तर ते पाठांतर तसंच पडून राहिलं असतं. घोकंपट्टी विषयात नसते. कुठल्या प्रश्नावर विचारणं थांबवायचं, त्यावर ती ठरते. इतिहासही घोकता येतो, आणि गणितसुद्धा आपली कितीतरी मुलं घोकूनच पास होतात.

नात्यातली एक मुलगी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना सुट्टीत पारोळ्याला घरी आली तेव्हा बॅगेत हाडांचा संच होता. प्लास्टिकचा होता, तरी आजीने पदर तोंडाला लावला. “हाई हाड घरमा कसाले लयनी वं?” मुलीने दंडाचं हाड उचललं, डोळे मिटले आणि बोटं फिरवली. गोल डोकं वरच्या टोकाला, खालच्या टोकाचा खोल खळगा मागच्या बाजूला धरला. डोकं डावीकडे वळलेलं लागलं. “उजवा हात, आजी.” मग हाडाच्या मागच्या अंगाला तिरकी उतरत गेलेली उथळ खाच दाखवून म्हणाली, इथे हाड मोडलं की मनगट खाली पडतं, कारण नस इथूनच हाडाला चिकटून जाते. शेजारी तिचा आतेभाऊ बसला होता, टीवाय बी.एस्सी.ला, प्राणिशास्त्र घेऊन. तिने त्याला सांगितलं की स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस सरळ घशात न जाता आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि मग परत वर येते. एवढा फेरा का, ते मात्र तिला सांगता येईना. त्याला आलं. माशांत ही नस कल्ल्याच्या कमानीमागून सरळ जाते. पुढे प्राण्यांना मान आली, हृदय खाली छातीत गेलं, आणि जाताना कमानीत अडकलेल्या नसेला सोबत ओढत गेलं. जिराफात याच नसेला मीटरच्या मीटर प्रवास करावा लागतो. त्याने हे आवडीने वाचलेलं होतं. तीन वर्षांत एकाही परीक्षेत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

या दोघांत हुशार कोण, हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. तिला कुठे ते माहीत होतं, त्याला का ते माहीत होतं, आणि ज्ञान म्हणून त्याचा तुकडा जराही हलका नव्हता. फरक एवढाच की तिचं ज्ञान तिच्या बोटांत उतरलं होतं, कारण तिला ते हातात देऊन विचारलं जात होतं. त्याचं ज्ञान त्याच्या स्वतःच्या हौसेवर तगून होतं. ज्या मुलात ती हौस नसेल त्याचं काय होत असेल?

खरी वस्तू हातात देण्याचं हे तत्त्व पाश्चात्त्यांकडून उसनं घेतलेलं आहे असंही कुणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्याची रीतच दिली आहे. मृतदेह गवताने किंवा सालीने गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचा, वाहत्या पाण्यात एकांतात बुडवायचा, सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही मिळून ज्ञान वाढतं, असं सुश्रुत स्पष्ट सांगतो. पुढे आपल्याकडे देहाला हात लावणं बाटण्यासारखं ठरलं, पाहणं थांबलं, आणि श्लोक तेवढे उरले. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी प्रेताला शस्त्र लावलं ते ही कोंडी फोडण्यासाठी. ते मुळात संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकवणारे वैद्य होते, हे विशेष.

युरोपातही हेच झालं. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याने माकडं-डुकरं चिरून शरीररचना लिहिली आणि पुढची तेराशे वर्षं विद्यापीठांत ती वाचून दाखवली गेली. प्राध्यापक उंच आसनावर बसून पोथी वाचायचे, खाली एक हजाम देह कापायचा, तिसरा माणूस काठीने दाखवायचा. पोथीत लिहिलेलं की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. समोर टेबलावर एकाच हाडाचा जबडा पडलेला असायचा आणि तरी पोथीच खरी मानली जायची. इटलीतल्या पादुआत व्हेसेलियस नावाचा प्राध्यापक आसनावरून खाली उतरला, सुरी स्वतः हातात घेतली, आणि १५४३ मध्ये त्याने गेलनच्या चुका चित्रांसह छापल्या. तो सगळ्या पूर्वसुरींपेक्षा बुद्धिमान होता म्हणून हे घडलं का? त्याच्याआधीचे प्राध्यापकही विद्वान होते. त्यांची बसायची जागा चुकीची होती. आज आपल्या कितीतरी वर्गांत प्राध्यापक नोट्स सांगतात आणि मुलं उतरवून घेतात, तेव्हा मला ते उंच आसनच दिसतं.

बी.एस्सी.ची आजची स्थिती मी रंगवून सांगत नाही, ज्यांची मुलं शिकतात त्यांनी पडताळून पाहावी. प्रॅक्टिकलच्या वेळेत जर्नल उतरवलं जातं, आकृत्या आदल्या वर्षीच्या जर्नलवरून काढल्या जातात, सही झाली की काम झालं. परीक्षेआधी पंधरा दिवस अपेक्षित प्रश्नसंच येतो. तोंडी परीक्षा वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी, तीही दोन-तीन मिनिटांची. कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, शिकवतात ते तासिका तत्त्वावरचे तरुण, ज्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात आणि तेही महिनोन्‌महिने अडकतात. अशा शिक्षकाने रोज दहा-दहा मुलांना समोर बसवून विचारावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? त्यात प्राणिशास्त्राचं आणखी एक झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि २०१४ मध्ये ते बंद करायला सांगितलं. बंदीमागचं कारण योग्य होतं. लाखो बेडूक शेतातून, नाल्यांतून धरून प्रयोगशाळांत मारले जात होते, आणि एकाच प्राण्याची तीच चिरफाड दरवर्षी करून फारसं नवं काही हाती येत नव्हतं. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात तर देशाने १९८७ मध्येच थांबवली होती. माझी तक्रार बंदीबद्दल नाही. बेडूक गेला आणि त्याच्या जागी तक्ता आला, याबद्दल आहे. विच्छेदनाऐवजी निरीक्षण यायला हवं होतं, नदीकाठच्या पक्ष्यांचं, शेतातल्या किडींचं, तलावातल्या माशांचं. बहुतेक ठिकाणी ते आलंच नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. मेडिकलला जाणारी मुलं नीटच्या चाळणीतून निवडलेली असतात, मग ती जास्त शिकली तर श्रेय व्यवस्थेला कसं द्यायचं? या आक्षेपात तथ्य आहे. दोन वर्षं दिवसाचे दहा-दहा तास अभ्यास केलेल्या मुलांच्या वर्गाला शिकवणं सोपं जातं, हे कुठलाही शिक्षक सांगेल. पण मग आयुर्वेदाकडे पाहा. बीएएमएसला नीटमध्ये बऱ्याच कमी गुणांवर प्रवेश मिळतो. तिथेही पहिल्या वर्षी रचनाशारीर असतं, तिथेही शवविच्छेदन असतं, आणि जिथे ते प्रामाणिकपणे करून घेतलं जातं तिथली मुलं शरीर उत्तम शिकतात. फिजिओथेरपीची मुलगी घ्या. तिला एमबीबीएस मिळालेलं नसतं, पण खांद्याचा सांधा, त्याभोवतीचे स्नायू आणि त्यांच्या नसा याबद्दल ती कित्येक डॉक्टरांना मागे टाकेल, कारण तिला ते रोज हाताने चाचपावं लागतं. नर्सिंगची मुलगी कंबरेच्या कुठल्या भागात सुई टोचायची ते शिकते, वरच्या आणि बाहेरच्या चतुर्थांशात, कारण आत आणि खाली सायटिक नस आहे आणि तिला धक्का लागला तर पेशंटचं पाऊल लुळं पडू शकतं. यांतली एकही नीटच्या शिखरावरची नाही. शिवाय चाळणीच्या कडेवर काय होतं? कट-ऑफच्या दोन गुण वर असलेला मुलगा आणि दोन गुण खाली असलेली मुलगी यांच्या मेंदूंत ऑगस्टमध्ये फरक नसतो. पुढच्या ऑगस्टमध्ये दिसतो. मधल्या बारा महिन्यांत जे घडलं त्याला आपण बुद्धी म्हणणार का?

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. मेडिकलच्या पोराला ठाऊक असतं की पुढे डॉक्टर व्हायचं आहे, समाजात मान आहे, पैसा आहे, आणि चूक झाली तर माणूस दगावेल. बी.एस्सी.च्या पोरासमोर काय आहे? त्याने कशासाठी रात्र जागवावी? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण खानदेशात पदवीनंतरच्या नोकऱ्या किती आहेत ते कुणापासून लपलेलं नाही. पण मेहनतीची इच्छाच नाही, हे साफ खोटं आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन पाहा. बसायला जागा मिळत नाही. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती यांसाठी बारा-बारा तास बसणारी ही पोरं त्याच डिग्री कॉलेजांच्या हजेरीपटावर असतात. म्हणजे कष्ट आहेत, जिद्द आहे. पदवी सोडून ती दुसरीकडे खर्च होते आहे, कारण पदवीत त्या कष्टांना कुणी हिशोब विचारत नाही. आणि मेडिकलचा मुलगा आज रात्री मनगटाची हाडं पाठ करतो ते सहा वर्षांनंतरच्या दवाखान्यासाठी करतो, असं समजणं भाबडेपणाचं आहे. उद्या सकाळी सर टेबलावर येणार आहेत म्हणून तो करतो.

याच ठिकाणी मला मेडिकलच्या बाजूने असलेल्यांना एक गोष्ट सुनवायची आहे. ‘सर येणार आहेत’ या धाकाला काही ठिकाणी विकृत वळण लागलं आहे. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सगळ्यांसमोर अपमान करणं, खेड्यातून मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला तिच्या इंग्रजीवरून टोचून बोलणं, ‘तुला इथे कुणी घेतलं’ असं विचारणं, यातून शिक्षण होत नाही. कित्येक मुलं पहिल्या वर्षात मिटून जातात, काही कायमची. मी ज्या व्यवस्थेची बाजू घेतो आहे त्यात विचारणं आहे, हिणवणं नाही. नियमित, लहान प्रश्न असले की भीती उलट कमी होते, कारण कुठलाही एक दिवस जीवन-मरणाचा राहत नाही. बी.एस्सी.ला ही व्यवस्था आणताना मेडिकलची ही घाण सोबत आणायची नाही.

अ‍ॅनाटॉमीलाही बी.एस्सी.कडून घेण्यासारखं बरंच आहे. ज्या विषयातलं जवळपास सगळं शोधून झालेलं आहे तो विषय विद्यार्थ्याला शंका घ्यायला शिकवत नाही. पुस्तकात आहे ते टेबलावर सापडलं पाहिजे, असं मुलं मनाशी धरून चालतात. करून पाहा: अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध ताठ दोरीसारखा उठून दिसतो तो पाल्मारिस लाँगस या स्नायूचा कंडरा. काही माणसांत तो नसतोच, कधी एका हातात असतो आणि दुसऱ्यात नसतो, आणि कुणाचं काही अडत नाही. शल्यचिकित्सक तो काढून दुसरीकडे जोडायला वापरतात. टेबलावर तो न सापडलेला विद्यार्थी आधी घाबरतो, आपणच कापून टाकला की काय. प्राणिशास्त्र शिकलेल्याला तिथे प्रश्न पडतो: हा स्नायू का असतो, आणि नसला तरी का चालतं? उत्क्रांती, वैविध्य, विचलन हे शब्द त्याच्याकडे असतात. पडद्यावरच्या त्रिमितीय देहाने डिसेक्शनची जागा घ्यावी असं म्हणणाऱ्यांनी हा स्नायू लक्षात ठेवावा. पडद्यावर तो आखलेल्या जागी सापडतो, आणि न सापडण्यातून जे शिकायला मिळतं ते हुकतं.

राहिला पैशाचा प्रश्न. मेडिकल कॉलेजसारखे शिक्षक, तशी साधनं डिग्री कॉलेजला परवडणार कशी? मेडिकल महाग आहे, वादच नाही. पण महाग भाग हॉस्पिटलचा आहे. एका शिक्षकाने पंधरा मुलांना आठवड्यातून दोनदा समोर वस्तू ठेवून प्रश्न विचारणं याला मुख्यतः शिक्षक लागतो. १८२४ साली जर्मनीतल्या गीसेन या लहान गावी लीबिग रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून गेला, तेव्हा तो विषय बहुतेक ठिकाणी व्याख्यानांतून ऐकायचा होता. त्याने एका साध्या इमारतीत प्रयोगशाळा थाटली आणि मुलांना स्वतःच्या हाताने विश्लेषण करायला लावलं. आलेल्यांत औषधविक्रेत्यांच्या धंद्यात जाणारी पोरं पुष्कळ होती. काही वर्षांत युरोपभरातून विद्यार्थी गीसेनला येऊ लागले, आणि आज प्रत्येक बी.एस्सी.च्या वेळापत्रकात जे ‘प्रॅक्टिकल’ छापलेलं असतं त्याची वंशावळ बरीचशी तिथपर्यंत जाते. वस्तू हातात देऊन शिकवणं ही मेडिकलची मक्तेदारी कधीच नव्हती. आपण ती होऊ दिली.

आणि वस्तूंचा खानदेशात तुटवडा आहे का? रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वाढलेला मुलगा वनस्पतिशास्त्रात खोडाची रचना कुठल्याशा परक्या झाडाच्या तक्त्यावरून शिकतो. दाराबाहेरच्या केळीचं ज्याला आपण खोड म्हणतो ते एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या आवरणांचं बनलेलं असतं आणि खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, हे त्याने विळ्याने आडवा काप घेऊन, हवेच्या पोकळ्या मोजून पाहायला हवं. हरण्या रोगाने पिवळे पट्टे पडलेलं पान वर्गात आणावं, मावा किडीने त्याचा विषाणू कसा पसरवला ते सांगावं, आणि निरोगी पानाशेजारी ठेवून तोंडी विचारलं जावं. कपाशीची डोमकळी उघडून आतली गुलाबी बोंडअळी तिच्या कुठल्या अवस्थेत आहे हे ओळखणं स्पॉटरपेक्षा, म्हणजे परीक्षेत ओळखायला ठेवलेल्या नमुन्यापेक्षा, कोणत्या बाबतीत कमी आहे? नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की रक्तपेशी विळ्याच्या आकाराची होते, ही ओळ जीवरसायनशास्त्राची मुलं पाठ करतात. अक्कलकुव्याहून आलेल्या मुलीला सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी दाखवून ‘दोन्ही पालक वाहक असले तर मुलांचं काय?’ असं समोरासमोर विचारलं, तर तो तिच्या घरचा प्रश्न असतो. भूगर्भशास्त्राच्या मुलांसाठी धुळे-नंदुरबार भागात काळ्या पाषाणाच्या लांबच लांब भिंती उभ्या आहेत, लाव्हा जमिनीच्या भेगांतून वर येताना गोठला त्याच्या. जगभरचे अभ्यासक त्या पाहायला येतात.

धुळ्यानंतर २०१८ मध्ये जळगावला आणि २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं, ही आनंदाची गोष्ट आहे. तरी तिन्ही जिल्ह्यांत बारावी सायन्स होणाऱ्या मुलांपैकी फार थोडी तिथे पोचतील. बाकीची आमच्या विद्यापीठाच्या डिग्री कॉलेजांत येणार. नव्या शैक्षणिक धोरणाने त्यांना चार वर्षं, मेजर-मायनर (मुख्य-दुय्यम) विषय आणि क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, दिलं आहे. क्रेडिटच्या रकान्यात तोंडी प्रश्नांचे तास लिहिता येतात, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांना तो अधिकार आहे. प्रॅक्टिकलच्या गुणांतला मोठा हिस्सा जर्नलऐवजी दर महिन्याच्या तोंडी परीक्षेला देता येतो. रिकाम्या जागा भरल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही, म्हणून आमदारांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या मागे लागायचं ते त्या जागांसाठी. आणि जूनमध्ये पोराला घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जाणाऱ्या आईवडिलांनी इमारत, बस आणि फी यांच्यासोबत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रॅक्टिकलच्या एका बॅचला किती मुलं, तोंडी परीक्षा वर्षातून किती वेळा, आणि ती घेणारे शिक्षक कायम आहेत की तासिकेवर.